निजामाच्या फौजेतला परमवीर

रणगाड्यांच्या लढाया म्हटले की आपला वाचक थेट रोमेलपाशी जातो. रोमेलसारखेच स्वतः पुढे राहून लढलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर त्याला एका परिच्छेदापुरते ठाऊक असतात, आणि त्या परिच्छेदातूनही त्यांच्या नोकरीची पहिली वर्षे गळालेली असतात.

तारापोर १९२३ साली मुंबईत जन्मले, पुण्यात शिकले आणि १९४२ मध्ये अधिकारी झाले ते निजामाच्या पायदळात. तिथे सरावात एका रिक्रूटाचा हातबॉम्ब जवळच पडला. तारापोरांनी तो उचलून भिरकावला; कपच्या छातीत घुसल्या. निजामाचे सरसेनापती एल एद्रूस यांनी हे पाहिले आणि त्यांना बोलावून घेतले. तारापोरांनी मागितली चिलखती दलात बदली. ती हैदराबाद लान्सर्समध्ये मिळाली.

हेच एल एद्रूस १८ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरण आले. चौधरींची फौज पाच दिवसांपूर्वी सोलापूरकडून संस्थानात शिरली होती. आमच्या पलूस भागातले, कुंडलच्या प्रतिसरकारातले कार्यकर्ते हैदराबाद मुक्तिलढ्यात उतरले होते. त्यामुळे इकडे निजामाचे सैन्य आणि रझाकार एकाच मापाने मोजले जातात. हे मला पटत नाही. रझाकार ही कासिम रझवीची संघटना. संस्थानी फौज निराळी. तिच्यातले तारापोर १९५१ मध्ये पूना हॉर्समध्ये आले. हा रिसाला इंग्रजांनी १८१७ च्या तहान्वये उभारलेला, तोही दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चाने!

सप्टेंबर १९६५. सरसेनापती तेच चौधरी, संरक्षणमंत्री आमच्या शेजारच्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण, आणि सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे प्रमुख तारापोर. ११ तारखेला फिल्लोऱ्याच्या चढाईत वझीरवालीकडून पाकिस्तानी रणगाडे अंगावर आले. तारापोर जखमी झाले, पण मागे जायला तयार झाले नाहीत. १४ ला वझीरवाली, १६ ला जस्सोरान आणि बुटुर-डोग्रांडी घेतले. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्यावर अनेकदा गोळे आदळले. शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी, आपले ९, असा परमवीरचक्राच्या मानपत्रातला हिशेब आहे. शत्रूच्या नुकसानीचे आकडे मी नेहमी हात राखूनच घेतो. जखमी सेनानी सहा दिवस आघाडीवरून हटला नाही, हे आकड्यांवाचूनही पुरेसे आहे. चविंडा मात्र आपल्या हाती आले नाही.

१६ सप्टेंबरला तारापोर बुटुर-डोग्रांडीला पडले. सांगून ठेवल्याप्रमाणे या पारशी अधिकाऱ्याचे दहन रणभूमीवरच झाले.