पवित्र जल आणि स्नानकुंड

कॅथलिक उपासनेत वापरले जाणारे आशीर्वादित पाणी व बाप्तिस्म्याचे, म्हणजे स्नानसंस्काराचे, कुंड. चर्चच्या दाराशी ठेवलेल्या लहान पात्रात बोटे बुडवून भाविक कपाळ, छाती व दोन्ही खांद्यांना स्पर्श करीत क्रुसाची खूण करतो. देवळात पाय धुऊन शिरणाऱ्याला ही शुद्धी वाटेल. तो अर्थ तिच्यात आहेच, पण त्याहून मोठा अर्थ स्मरणाचा: आपला स्नानसंस्कार झालेला आहे. त्यामुळे हे पात्र कळायचे तर आधी कुंड कळले पाहिजे.

सात संस्कारांत स्नानसंस्कार पहिला. तो झाल्याशिवाय उरलेले सहा घेता येत नाहीत. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने धर्मगुरू बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात किंवा त्याला तीनदा पाण्यात बुडवतात. मग टाळूला क्रिस्मा हे सुगंधी तेल लावतात, पांढरे वस्त्र देतात आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवली जाते. पाण्यात जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे आणि वर येणे म्हणजे त्याच्यासह नवे जीवन जगणे, अशी संत पौलाची शिकवण आहे. पुष्कळ जुनी कुंडे अष्टकोनी असतात, कारण आठवड्याच्या सात दिवसांपलीकडचा आठवा दिवस पुनरुत्थानाचा मानतात.

वर्षातला सर्वांत अर्थपूर्ण जलविधी ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. प्रार्थनेत नोहाचा महापूर, तांबडा समुद्र आणि यार्देन नदी यांचे स्मरण करून पास्काची मेणबत्ती पाण्यात उतरवतात; मग सारा समुदाय स्नानसंस्काराची वचने नव्याने देतो व त्याच्यावर पाणी शिंपडले जाते. त्याआधी, गुड फ्रायडेच्या सुमारास, दाराजवळची पात्रे रिकामी ठेवतात.

जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधील कुंड 1532 मधले असून संत फ्रान्सिस झेवियर यांनी ते वापरल्याची परंपरा आहे. 1983 च्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामाच्या चर्चमध्ये कुंड असावे लागते. मात्र जीव धोक्यात असेल, तर योग्य हेतूने कोणीही, परिचारिकासुद्धा, साध्या पाण्याने हा संस्कार देऊ शकते आणि तो पूर्णपणे वैध ठरतो.