इजारा : इस्लामी विधिशास्त्रातील मजुरीचा करार

इजारा हा शब्द मराठीला महसुली दप्तरांतून परिचित आहे. उत्पन्न ठराविक रकमेवर मक्त्याने घेणारा तो इजारदार. मूळ अरबी संज्ञा याहून व्यापक आहे. वस्तू भाड्याने देणे आणि माणसाने मोबदला घेऊन श्रम देणे, हे दोन्ही व्यवहार इस्लामी विधिशास्त्रात या एकाच करारात मोडतात. काम अथवा मुदत आणि मजुरी आधी निश्चित व्हावी लागते. मजुरी ठरलेलीच नसेल, तरी केलेले काम फुकट जात नाही. अशा कामाचा प्रचलित दर देय होतो.

मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याचे वेतन चुकते करावे, हे पैगंबरवचन इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. प्रवचनांतून ते वारंवार ऐकू येते. प्रत्यक्ष तंटा सोडवताना मात्र उपयोगी पडतात ते शास्त्रकारांनी केलेले बारीक भेद.

त्यांतील मुख्य भेद चाकर आणि कारागीर यांच्यातला. एकाच धन्याकडे ठराविक मुदतीसाठी बांधलेला तो 'अजीर खास'. शिंपी, रंगारी, हमाल यांच्याप्रमाणे अनेकांची कामे घेणारा तो 'अजीर मुश्तरक'. कारागिराला मजुरी मिळते ती काम पुरे झाल्यावर. चाकर कामावर हजर व तयार असला की पुरे. धन्याने काम दिले नाही, तरी वेतन द्यावेच लागते. मात्र चाकराने काम नाकारल्यास त्याचा हक्क जातो. हनफी मताचा हा नियम १८६९ ते १८७६ या काळात सिद्ध झालेल्या 'मजल्ला' या उस्मानी संहितेत कलमबद्ध आहे. बसून राहिलेल्या दिवसाचे नुकसान कोणी सोसावे, या आजही पेटणाऱ्या वादाचे उत्तर त्यात आहे.

तारणाचा नियमही लक्षणीय आहे. मजुरी उधार ठेवण्याचे ठरले नसेल, तर शिंप्याला पैसे हाती येईपर्यंत शिवलेले कापड अडवून ठेवता येते, कारण त्याच्या श्रमाची खूण वस्तूवर उमटलेली असते. हमालाला ही मुभा नाही. ओझ्यावर त्याची खूण राहत नाही. माल नष्ट झाल्यास भरपाई कोणी द्यावी, यावर हनफींतच मतभेद आहेत. अबू हनीफा यांच्या मते कारागिराचा दोष असल्याखेरीज तो बांधील नाही. त्यांचे शिष्य अबू यूसुफ व मुहम्मद त्याला जबाबदार धरतात; मोठ्या आगीसारखी अटळ आपत्ती तेवढी वगळतात.

गोव्यातून आखातात गेलेल्यांना परिचित असलेली 'कफाला' पद्धत या चौकटीबाहेरची आहे. विधिशास्त्रात कफाला म्हणजे दुसऱ्याच्या देण्याला जामीन राहणे. विसाव्या शतकात आखाती राज्यांनी तेच नाव परदेशी कामगाराचा परवाना मालकाशी जखडणाऱ्या व्यवस्थेला दिले. कामगाराचे पारपत्र मालकाने ठेवून घेण्याची प्रथाही तिच्यासोबत रुजली. म्हणजे अडवून ठेवण्याचा जो अधिकार शास्त्राने कारागिराला दिला, तो व्यवहारात मालकाने बळकावला. संयुक्त अरब अमिरातीने २००९ मध्ये वेतन बँकेमार्फत देण्याची सक्ती सुरू केली. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढून टाकली.