त्रास झाला म्हणजे गुण आला?

रेकीच्या उपचारानंतर काहींना डोकेदुखी किंवा थकवा जाणवतो. ‘ही शुद्धीची खूण, आता बरे वाटेल,’ असे उपचारक सांगतात. रेकी जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ साली सुरू केली. ही समजूत मात्र त्याहून जुनी आहे.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर ‘प्राणिज चुंबकत्वा’ने उपचार करीत. रोग्याला झटके येणे हा त्यांच्या मते बरे होण्याचाच टप्पा होता. १७८४ मध्ये राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए होते. मेस्मर यांचा शिष्य देलाँ याने फ्रँकलिन यांच्या बागेतील जर्दाळूचे एक झाड ‘भारले’. मग बारा वर्षांच्या एका मुलाला, डोळे बांधून, न भारलेल्या चार झाडांपाशी क्रमाने नेले. त्याला घाम फुटला, डोके दुखू लागले आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेले झाड दूरच होते! ‘बागेतली सगळीच झाडे मुळात चुंबकीय असतात,’ असा खुलासा देलाँने केला.

मुलाचा त्रास खरा होता. तो अपेक्षेतून आला होता. बरे वाटले तरी गुण आणि बिघडले तरी गुण, असे ठरवले की उपचार कधीच चुकत नाही, आणि खरोखर वाढणारा आजार मात्र नजरेआड राहतो. म्हणून विद्यार्थ्यांना विचारायला शिकवावे: काय घडले, तर उपचार फसला असे तुम्ही म्हणाल?