तक्रारीचा टाळ

सज्जनहो, माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी होणारी समाजआरती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तळावर दिंड्या उभ्या असतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि क्षणात सारा तळ शांत होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, मार्ग काढतात. समाधान झाले की ते टाळही थांबतात. पुढे हरवल्या-सापडल्याची आणि दुसऱ्या दिवशीच्या वाटचालीची माहिती सांगितली जाते आणि मग आरती होते.

या रीतीत मोठे शहाणपण आहे. तक्रार करणारी दिंडी रांग मोडत नाही, दुसऱ्याच्या अंगावर धावून जात नाही, सोहळा सोडूनही जात नाही. ती आपल्या जागी उभी राहून आपला टाळ वाजवते. आणि सोहळ्याची बाजू अशी, की लाखोंच्या गर्दीत एका दिंडीचा टाळ वाजत असेल तरी तिकडे जाणे चोपदारांचे कर्तव्य ठरते. बोलणाऱ्याची मर्यादा आणि ऐकणाऱ्याचे कर्तव्य, दोन्ही एकाच रीतीत बसवून ठेवले आहे.

आता राज्याकडे वळू. राज्यात कायदा होतो तो सगळ्यांसाठी. तो होण्याआधी प्रजेने आपले मत सांगावे काय? पूर्वपक्ष असा येतो, की वारकऱ्याने नाम घ्यावे, वारी करावी; विधेयक, विधानसभा, सूचना-हरकती या प्रपंचाच्या गोष्टी, त्यात त्याने पडू नये. ऐकायला हे गोड वाटते. पण वारकरी हा बहुधा शेतकरीच असतो. त्याची जमीन, त्याचे पाणी, त्याचे कर्ज, त्याच्या मंदिराचा कारभार, हे सारे कायद्याने बांधलेले आहे. आषाढीला निघायचे तर मागे पेरणी झालेली असावी लागते, आणि पेरणीला जमीन असावी लागते. त्या जमिनीचीच कथा आज सांगतो. ती आमच्या अंगणातली आहे.

आमचे गडब हे पेण तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. या बाजूला आम्ही, मध्ये धरमतरची खाडी, आणि खाडीपलीकडे अलिबाग तालुका. दोन्ही काठांवरचा मुलूख खारेपाटाचा. येथील शेत निसर्गाने आयते दिलेले नाही. खाडीच्या भरतीला बांध घालून, उघाडी बसवून, पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षे खार धुऊन काढली तेव्हा कोठे भात पिकू लागला. उधाणाला बांध फुटला तर एका रात्रीत खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे पीक हातचे जाते. म्हणून बांध राखणे हे एकट्याचे काम नाही. हाक आली की सारा गाव टोपल्या घेऊन चिखलात उतरतो. चिखलात उतरणारा होता कूळ. कागदावर नाव होते खोताचे किंवा सावकाराचे.

खोत हा मुळात सरकारच्या वतीने गावाचा सारा वसूल करणारा. पुढे वसुलीचा अधिकार वंशपरंपरा झाला आणि कूळ त्याच्या मुठीत गेले. कुळाने कबुलायत लिहून द्यायची, पिकाचा मोठा वाटा खळ्यावरूनच खोताकडे पोचवायचा, वर वेठबिगार करायची. जमीन पिढ्यानपिढ्या कसत असूनही सरकारी दप्तरात कुळाच्या नावाची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे उद्या हाकलले तर दाद मागायला जागा नाही.

या गाऱ्हाण्याचा टाळ चरी गावाने वाजवला. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कोकण प्रांत शेतकरी संघ उभा राहिला होता. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला सभा झाली आणि पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी ठरवले, की रास्त वाटा मिळेपर्यंत खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत. सज्जनहो, शेतकऱ्याने शेत ओसाड टाकणे म्हणजे काय, याचा विचार करा. खारेपाटात बांध राखला नाही तर जमीन पुन्हा खाडीची होते. स्वतःच्या हाताने समुद्राकडून मिळवलेली जमीन डोळ्यांदेखत परत जाऊ द्यायची, आणि तीही एक-दोन वर्षे नव्हे, जवळजवळ सहा वर्षे. लोकांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, मिळेल ती मजुरी केली, उपास काढले. एवढ्या काळात सामोपचार सोडला नाही, हे मला सर्वांत मोठे वाटते.

डिसेंबर १९३४ मध्ये चरीला शेतकरी परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कुळांमध्ये आगरी होते, मराठे होते, कुणबी होते, महार होते. ज्या काळात पंगत वेगळी आणि पाणवठा वेगळा, त्या काळात ही मंडळी एका मांडवात बसली. आपल्या संप्रदायाने वाळवंटात जे शतकांपूर्वी सांगितले, त्याचा एक अंश खारेपाटाने पोटाच्या प्रश्नावर अनुभवला.

आता गाऱ्हाण्याचे विधेयक कसे झाले ते पाहा. १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या, बाबासाहेब मुंबई विधानसभेत निवडून गेले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याचा गाभा सोपा होता. खोताला वाजवी भरपाई द्यावी, खोती संपवावी, आणि प्रत्यक्ष जमीन धारण करणाऱ्याला सरकारशी थेट नाते असलेल्या भोगवटदाराचे हक्क द्यावेत. खोताचा सूड घेण्याची भाषा त्यात नव्हती. मधला माणूस काढून कसणारा आणि सरकार यांची गाठ घालून द्यायची होती.

विधेयक मांडले म्हणजे कायदा झाला असे नाही. लोकांना ते हवे आहे हे सभागृहाला दिसावे लागते. १० जानेवारी १९३८ रोजी ते दिसले. कुलाबा, रत्नागिरी, ठाणे आणि घाटावरच्याही जिल्ह्यांतून हजारो शेतकरी मुंबईत आले. कोकणातली माणसे बोटीने आली. वीस हजारांच्या आसपास माणसे कौन्सिल हॉलच्या दिशेने निघाली. त्यांच्या प्रतिनिधींनी प्रांताचे तेव्हाचे प्रधानमंत्री बाळासाहेब खेर यांची भेट घेऊन मागण्या सादर केल्या. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण कोणते विधेयक, कोणाचे, आणि त्याने आपल्या घरात काय बदलेल, हे त्यांना नेमके ठाऊक होते. अनाडी माणसाला कायद्यातले काय कळते, असे विचारणाऱ्याला हे उत्तर पुरे आहे. ज्याच्या पाठीवर ओझे आहे, त्याला ओझ्याचे वजन शिकवावे लागत नाही.

आपण म्हणाल, मग विधेयक संमत झाले असेल. झाले नाही. १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि खोतीचे ते विधेयक तसेच राहिले. येथे मन खचते. इतके चालून, इतके सोसून, हाती काय आले? पण कथा येथे थांबत नाही. चरीच्या संपाची दखल घ्यावीच लागली, महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी त्या भागात येऊन गाऱ्हाणी ऐकली, आणि १९३९ च्या मुंबई कूळ कायद्याने कुळाला कूळ म्हणून कायद्यात स्थान मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळवहिवाट कायदा आला. १९४९ च्या कायद्याने खोती संपली. आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून त्या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. १९३३ ते १९५७ हा चोवीस वर्षांचा काळ झाला. चरीच्या सभेत हात वर करणाऱ्या कित्येकांनी तो दिवस पाहिला नसेल. पण आमच्या बाजूच्या गावांत आज ज्या घरांत सातबारा आहे, त्यांतल्या पुष्कळांच्या उताऱ्यामागे ते हात आहेत.

येथे कोणी तुकोबारायांचा दाखला देईल. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. त्यांना कायद्याने भाग पाडले नव्हते. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे उघडली ती राजाज्ञेवाचून. मग संतांच्या वाटेने जावे, कायदा कशाला? उत्तर असे आहे. ज्याला वैराग्य झाले तो आपले खत आपण बुडवतो. पण सगळेच सावकार तुकोबा होत नाहीत आणि प्रत्येक तालुक्याला दामाजीपंत लाभत नाहीत. जेथे करुणा आपोआप पोचत नाही तेथे न्याय पोचवण्यासाठी कायदा असतो. आणि तो न्याय्य व्हायचा तर ज्याच्यावर तो लागू होणार, त्याचे तोंड आधी उघडले पाहिजे.

न विचारता झालेल्या कायद्याचे काय होते, तेही आम्ही आमच्याच तालुक्यात पाहिले. २००५ साली केंद्राने विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे सेझचा कायदा केला. त्या वेळी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. पुढे महामुंबई सेझसाठी त्याच्याच जमिनीवर नोटिसा आल्या. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते आणि गावोगावचे शेतकरी उभे राहिले, आणि अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील बावीस गावांत सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला. जमीन द्यायची की नाही, यावर खातेदारांनी मतपत्रिका टाकल्या. देशात असे पूर्वी घडले नव्हते. कौलाचा निकाल सरकारने रीतसर जाहीर केला नाही, पण भूसंपादन पुढे सरकले नाही. विचारण्याचे काम जे आधी व्हायचे, ते नंतर करावे लागले. पुढे २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. देशभरच्या शेतकऱ्यांनी जे सोसले, त्याचे हे फळ.

आता आपल्या घरातला दाखला घेऊ, तो टाळून चालणार नाही. अंधश्रद्धा आणि जादूटोण्याविरुद्धचे विधेयक महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चर्चेत होते. २००५ मध्ये ते विधानसभेत संमत होऊनही पुढे अडकले. वारी, कीर्तन, संतचरित्रातले चमत्कार सांगणे हे गुन्हे ठरतील, अशी भीती वारकरी मंडळींत पसरली. निवेदने दिली गेली, मोर्चे निघाले, बैठका झाल्या. दुसऱ्या बाजूला डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी नरबळी आणि भोंदूगिरी थांबावी म्हणून गावोगाव फिरत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांची हत्या झाली. त्यानंतर अध्यादेश निघाला आणि वर्षअखेर कायदा झाला.

तो कायदा उघडून वाचावा असे मी सर्व कीर्तनकारांना सांगत असतो. त्यात यात्रा, प्रदक्षिणा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांचे कथन, यांना हा कायदा लागू नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. मतभेद बोलून दाखवल्याचा हा लाभ. कायद्याचे मूळ काम कायम राहिले आणि ज्या शब्दांविषयी भीती होती ते शब्द स्वच्छ झाले. पण याच प्रकरणाने दुसरे भानही द्यावे. मसुदा न वाचता, केवळ ऐकीव बोलण्यावर जो क्षोभ उसळतो, त्याने टाळाचा नाद बिघडतो. आणि भिन्न मताच्या माणसाचा जीव घेणे याला मत म्हणत नाहीत. ते मतांच्या बाजारातून पळून जाणे आहे. ज्या संप्रदायात विरोधकालाही माउली म्हणून पाया पडतात, त्याने हे सर्वांआधी आणि स्पष्ट म्हटले पाहिजे.

आज बोलण्याची दारे पूर्वीपेक्षा अधिक आहेत. विधेयक छापून येते. वादाचे असेल तर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जाते आणि समिती लोकांकडून सूचना मागवते. विशेष जनसुरक्षा विधेयकावर अशा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये काही बदलांसह ते संमत झाले. त्या विधेयकाविषयी आपले मत काहीही असो. बारा हजार सूचना म्हणजे तेवढ्यांदा कोणीतरी कागद पुढे ओढून लिहायला बसले, एवढे खरे.

तेव्हा वाचकहो, आपल्यालाही लिहायचे असेल तर पुढील क्रम धरावा. आधी मसुदा मिळवून वाचावा; वाचता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या मुलीकडून किंवा मुलाकडून देवळात सर्वांसमक्ष वाचून घ्यावा. कोणत्या कलमाने आपल्या घरात, शेतात, मंदिरात काय घडेल तेवढेच लिहावे. विरोध असेल तर त्या जागी काय हवे तेही लिहावे. शिवी लिहू नये. खाली नाव, गाव आणि सही घालावी, कारण निनावी टाळ कोणत्या दिंडीचा हे चोपदाराला कळत नाही. आणि मुदत संपण्याआधी पाठवावे. भजन एकादशीला होते आणि हरिपाठ रोज होतो. त्यानंतर अर्धा तास मंडळींनी बसून एक कागद वाचला, तर नामाला बाध येत नाही.

राम कृष्ण हरी.