कोतवाल बुकात न सापडणारे मरण

माणूस जिथे मरतो तिथेच त्याच्या मरणाची नोंद होते, हा जन्म-मृत्यू नोंदणीचा मूळ नियम आहे. शेत, घर आणि वारस मात्र गावी असतात. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर तालुक्यात बाहेरगावी, पुढे परदेशी झालेल्या मृत्यूच्या कागदपत्रांचा सगळा घोळ या एका नियमातून निघाला आहे.

वऱ्हाडात सरकारी मृत्यूनोंद सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गावातली मयत पाटलाच्या दप्तरी लागायची आणि ठरलेल्या मुदतीने तिची खबर पोलीस ठाण्यात पोचायची. ती पोचवण्याचे काम कोतवालाच्या अंगावर असल्याने या नोंदवहीला विदर्भात आजही ‘कोतवाल बुक’ म्हणतात. उर्वरित महाराष्ट्रात तिच्याच भावंडाला गाव नमुना 14 हे नाव आहे. तारीख, मयताचे नाव, बापाचे नाव, जात, वय, मरणाचे कारण असे तिचे रकाने. कारणाच्या रकान्यात बहुतेकदा एकच शब्द असे: ताप. हिवताप असो, विषमज्वर असो की बाळंतरोग, लिहिणाऱ्याला ताप दिसे आणि तो ताप लिही. 1918 च्या इन्फ्लुएन्झाचा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला देशात सर्वाधिक फटका बसलेल्या भागांत समावेश होतो, पण त्या वर्षीच्या मरणांचाही मोठा हिस्सा ‘तापा’तच जमा आहे.

या वहीत गावचा माणूस असे, पण गावात मेला असेल तरच. सातपुड्यापलीकडे बुऱ्हाणपुरात मेलेला माणूस तिथल्या वहीत जाई. कायद्याच्या काटेकोर अर्थाने तर तो परमुलखात मेलेला असे. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि 1902 मध्ये ते कायमच्या पट्ट्याने दिले, तरी नावापुरते सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागत नसत, स्वतंत्र अधिसूचना काढून लागू करावे लागत. रोज मुंबईला कापूस पाठवणारा वऱ्हाड कागदोपत्री मुंबईला परका होता, ही त्या काळच्या कारभाराची एक गंमतच म्हणायची.

समुद्रापलीकडचे मरण या भागात नोकरीच्या आधी यात्रेतून आले. हजला गेलेले अनेक यात्रेकरू हिजाजमध्येच दगावत आणि तिथेच दफन होत. हिंदी यात्रेकरूंची विचारपूस करायला हिंदुस्थान सरकारने 1882 मध्ये डॉ. अब्दुर रझ्झाक यांना जेद्दाला नेमले. 1895 मध्ये तिथेच त्यांची हत्या झाली. मयत यात्रेकरूच्या मागे राहिलेल्या पैशाअडक्याचा हिशेब हेही जेद्दाच्या वकिलातीचे एक काम होते. सैन्यातून गेलेल्यांची कथा याहून वाईट. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी 1929 मध्ये उभारलेल्या बसरा स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या.

प्रेतच हाती आले नाही तर काय करायचे, याचे उत्तर रूढीकडे सरकारच्या आधीपासून होते. बारा वर्षे वाट पाहायची, मग पळसाच्या 360 देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हा पालाशविधी. 1872 च्या पुरावा कायद्याने ही मुदत सात वर्षांवर आणली आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती तशीच ठेवली आहे. मात्र सात वर्षांनी माणूस मेला एवढेच गृहीत धरता येते, कधी मेला ते नाही. सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाच्या 2004 मधल्या खटल्यात हे स्पष्ट केले. वारसांच्या दृष्टीने हा फरक बारीक नाही, कारण हप्ता कधी थकला आणि विमा कधीपर्यंत चालू होता, हे सारे त्या तारखेवर ठरते.

1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 पासून अमलात आला आणि वही पाटील-कोतवालाकडून कायद्याने नेमलेल्या निबंधकाकडे गेली. खेड्यात हे काम ग्रामसेवकाकडे आले. 21 दिवसांत खबर द्यायची, त्यानंतर मृत्यूपासून 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे वरिष्ठांची परवानगी. वर्ष उलटल्यावर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. 2023 च्या दुरुस्तीने हा अधिकार महसुली अधिकाऱ्यांकडे आला. पण यातले काहीही परदेशातल्या मृत्यूला लागू नाही. त्यासाठी कलम 20 आहे: परदेशी मेलेल्या भारतीय नागरिकाची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत होते आणि माहिती दिल्लीच्या महानिबंधकांकडे जाते. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईबापांनी भारतात कायमचे परतल्यावर 60 दिवसांत इथे नोंदवण्याची सोय याच कलमात आहे. मृत्यूसाठी तशी सोय नाही. ग्रामसेवकाने कितीही मनावर घेतले तरी दुबईतले मरण त्याला गावच्या वहीत घेता येत नाही.

म्हणून कागदांची साखळी मरणाच्या ठिकाणापासूनच जोडत आणावी लागते. आधी तिथल्या रुग्णालयाचा किंवा पोलिसांचा अहवाल, त्यावरून तिथला मृत्यू दाखला. मग वकिलातीत पासपोर्ट रद्द करून घ्यायचा, मृत्यूची नोंद करायची आणि देह आणायचा असेल तर ना-हरकत व रसायनभरणाचे प्रमाणपत्र मिळवायचे. अडल्यानडल्याला 2009 मध्ये स्थापन झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. मयताने परके नागरिकत्व घेतले असेल तर वकिलातीची नोंद मिळत नाही, कारण कलम 20 फक्त नागरिकांपुरते आहे. अशा वेळी त्या देशाच्या दाखल्यावर अपोस्टिल घ्यायचे. 1961 च्या हेग कराराची ही मोहोर भारतात 2005 पासून चालते आणि ती असली की वकिलातीचा शिक्का लागत नाही.

खरी परीक्षा तलाठ्याच्या टेबलावर होते. सातबारावर ‘बापूराव’, पासपोर्टवर ‘बाबुराव’, आणि अरबी दाखल्यावरून इंग्रजीत आलेले नाव तिसरेच. मग एकच इसम असल्याचे प्रतिज्ञापत्र आले, दाखल्याचे मराठी भाषांतर आले, आजोबा-पणजोबांपर्यंतची वंशावळ आली. वंशावळीसाठी पुन्हा कोतवाल बुकाची नक्कल काढायची. संग्रामपूर पूर्वी जळगाव जामोद तालुक्यात होते आणि तो तालुका 1905 पर्यंत अकोला जिल्ह्यात, त्यामुळे किती जुनी नोंद हवी त्यावर कोणत्या कचेरीत विचारायचे ते ठरते. जुनी पाने मोडीत असली तर वाचणारा शोधणे आलेच. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर राज्यभर ही दप्तरे झटकली गेली. वारसाच्या कामाला येणाऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती.

एवढे जुळले की वारसाची नोंद गाव नमुना 6-क मध्ये होते, फेरफार मंजूर होतो आणि सातबारावरचे नाव बदलते. गावच्या मृत्यू नोंदवहीत मात्र त्या माणसाची ओळ कधीच पडत नाही.