एल्टर (जर्मन विशेषण)

एल्टर हे जर्मन भाषेतील 'आल्ट' (जुना, वृद्ध) या विशेषणाचे तरभावदर्शक रूप आहे; तमभावात त्याचे 'एल्टेस्ट' होते. प्रत्यय लागताना आरंभीच्या 'आ'चा 'ए' होतो. या स्वरबदलास 'उमलाउट' म्हणतात. तुलनेत विशेषणानंतर 'आल्स' हा शब्द येतो. उदा. 'एर इस्ट एल्टर आल्स इश' म्हणजे 'तो माझ्यापेक्षा मोठा आहे'. मराठीत हे काम 'पेक्षा' किंवा 'हून' करतात, विशेषण बदलत नाही.

तुलना अभिप्रेत नसतानाही हे रूप वापरले जाते आणि तेव्हा त्याचा अर्थ अनपेक्षित होतो. 'आयने एल्टेरे डामे' ही स्त्री 'आयने आल्टे डामे'पेक्षा वयाने कमी असते. येथे तुलना वृद्धांशी नसून तरुणांशी असते. त्यामुळे 'अधिक वृद्ध स्त्री' हे भाषांतर चुकीचे ठरते. 'वयस्कर' किंवा 'प्रौढ' हे शब्द जवळचे आहेत. 'वृद्ध' म्हणणे टाळण्याचा शिष्टाचारही या प्रयोगामागे आहे. 'युंगर' (अधिक तरुण) या रूपाचेही असेच होते: 'आयने युंगेरे फ्राउ' ही 'आयने युंगे फ्राउ'पेक्षा सहसा वयाने मोठी असते.

एकाच नावाच्या दोन व्यक्तींपैकी आधीच्या व्यक्तीस 'डेअर एल्टेरे' म्हणतात. चित्रकार लूकास क्रानाख (1472–1553) यांना हे उपपद लावतात, तर त्यांच्या त्याच नावाच्या चित्रकार पुत्रास (1515–1586) 'डेअर युंगेरे' म्हणतात. मराठीतील 'थोरले बाजीराव' हा प्रयोग याच धर्तीचा आहे.

'एल्टर्न' (आई-वडील) हा नेहमी अनेकवचनी असणारा शब्दही याच तरभावरूपापासून आला आहे; त्याचा मूळ अर्थ 'वयाने मोठे' असा होतो.