सातच थर का?

नेटवर्किंगच्या परीक्षेला बसणारा प्रत्येक जण ओएसआय या नमुन्याच्या सात थरांची नावे घोकतो. ते सातच का, हे सहसा कुणी विचारत नाही.

सप्टेंबर 1974 मध्ये आयबीएमने 'सिस्टिम्स नेटवर्क आर्किटेक्चर' जाहीर केले. तोवर त्यांच्याच टर्मिनलांशी बोलण्याच्या तऱ्हा इतक्या झाल्या होत्या की त्या आवरण्यासाठी कामाचे थर पाडावे लागले. मधोमध अर्थातच आयबीएमचा मोठा संगणक. पुढच्याच वर्षी डीईसी या दुसऱ्या संगणक कंपनीने 'डेकनेट' आणले. एका कंपनीची यंत्रणा घेतली की गिऱ्हाईक तिच्याच दावणीला बांधले जाई.

यावर उतारा म्हणून 1977 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने एक समिती नेमली. अध्यक्ष होते चार्ल्स बाकमन, डेटाबेसवरील कामासाठी 1973 चे ट्युरिंग पारितोषिक मिळवलेले, आणि नोकरीला हनीवेलमध्ये. तिथे माइक कॅनेपा यांच्या गटाने आयबीएमची रचना आणि अमेरिकेतले आर्पानेट हे जाळे अभ्यासून सात थरांचा आराखडा आधीच बनवला होता. 1978 मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या बैठकीत तोच पुढे आला आणि थोड्याफार फरकाने ओएसआय म्हणून स्वीकारला गेला. म्हणजे कंपन्यांच्या मक्तेदारीवर काढलेला तोडगाही एका कंपनीच्याच टेबलावरून आला! त्यातले सेशन आणि प्रेझेंटेशन हे थर आजही शिकवताना ओढूनताणून भरावे लागतात.

मानक 1984 मध्ये छापून निघाले. तोवर गाडी सुटली होती. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 मध्ये मांडलेल्या कल्पनेतून टीसीपी/आयपी तयार झाले आणि 1 जानेवारी 1983 ला आर्पानेट त्यावर गेले. त्याच वर्षी बर्कलीच्या युनिक्सबरोबर त्याचा कोड विद्यापीठांच्या हाती आला. समितीकडे मसुदे होते, टीसीपी/आयपीवाल्यांकडे चालणारा प्रोग्राम. अमेरिकी सरकारने 1990 मध्ये खात्यांवर ओएसआयची सक्ती केली, तीही पाच वर्षांत ढिली पडली. मुंबईची एनसीएसटी ही संशोधनसंस्था ज्यात होती, त्या अर्नेट या आपल्या शैक्षणिक जाळ्यानेही दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या आणि शेवटी टीसीपी/आयपीच धरली.

ओएसआय हरले, पण साफ पुसले गेले नाही. 'लेअर टू स्विच', 'लेअर थ्री स्विच' ही ऑफिसातली रोजची भाषा त्याचीच. ब्राउझरमध्ये बँकेची साइट खरी की खोटी हे ज्या प्रमाणपत्रावरून तपासले जाते, त्याचा एक्स.509 हा नमुनाही ओएसआयच्याच कुटुंबात 1988 साली ठरला.